बारा येप्पेसेन

स्टावरूप गावात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या येप्पेसेनला लागतो, आणि नेम चुकलाच तर येप्पेसेनच्या खिडकीची काच फुटते. फार पूर्वी येप्पे नावाचा कुणी गृहस्थ होऊन गेला असणार. त्याच्या पोराला लोक येप्पेसेन, म्हणजे येप्पेचा मुलगा, म्हणू लागले. त्या काळी दर पिढीला बापाच्या नावावरून आडनाव बदलायचं. मग सरकारदरबारी नोंदी जुळेनात, तेव्हा फर्मान निघालं की आता पुरे, ज्याचं जे आहे ते कायम. त्या दिवशी जे येप्पेसेन होते ते जन्मोजन्मीचे येप्पेसेन झाले. त्या मूळ येप्पेने आयुष्यात काय दिवे लावले हे कुणालाच माहीत नाही, पण टेलिफोनच्या पुस्तकात त्याचे मुलगे दीड पान अडवून बसले आहेत.

वेर्नर येप्पेसेन त्या दीड पानात शेवटून दुसरा. नगरपालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीत अडतीस वर्षं घासून तो नुकताच निवृत्त झाला होता. माणूस नियमाचा इतका पक्का, की स्वतःच्या जन्माचा दाखला लागला तेव्हा तो आपल्या खुर्चीवरून उठला, पलीकडे जाऊन रांगेत उभा राहिला, आणि खिडकीत कुणीच नाही हे पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्याची बायको एलिस ही गोष्ट पाहुण्यांना हसतहसत सांगत असे. पुढेपुढे तिने ती सांगायची सोडली.

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत चर्चच्या कार्यालयातून पत्र आलं. आमच्याकडे माणूस मेला तरी जागा कायमची मिळत नाही. तीस वर्षांची मुदत असते, ती संपली की वाढवून घ्यायची, नाहीतर दगड काढून तिथे हिरवळ लावतात. वेर्नरच्या वडिलांची मुदत संपत आली होती. तो वाढवून घ्यायला निघालाही असता, पण पत्रात पुढे लिहिलं होतं की समुद्राचा बांध रुंद करायचा असल्यामुळे पश्चिमेकडच्या तीन रांगा उठवण्यात येत आहेत, तिथे मुदतवाढ नाही. फक्त ‘जतन करण्याजोगे’ ठरलेले दगड भिंतीशी हलवले जातील. वेर्नरचे वडील दुसऱ्या रांगेत होते. दगडावर लिहिलं होतं, ‘बांधरक्षक आंटोन येप्पेसेन’, आणि खाली दोन सालं. तेवढंच.

या आंटोनने छत्तीस सालच्या वादळात बांधाचा लोखंडी दरवाजा एकट्याने बंद केला होता. यंत्राचं चाक गंजून अडकलं होतं, समुद्र आत यायला निघाला होता, आणि हा पहाटेपासून दुपारपर्यंत त्या चाकाला लोंबकळून होता. खालची आळी वाचली. आंटोनची दोन बोटं चाकात राहिली. घरी येऊन, हाताला फडकं गुंडाळून तो जेवायला बसला आणि म्हणाला, "आज जरा वारा होता." त्यानंतर एकवीस वर्षं जगला, पण त्या विषयावर यापेक्षा एक शब्द जास्त बोलला नाही. आमच्या भागात स्वतःच्या कर्तृत्वाबद्दल बोलणं हे चोरीपेक्षा वाईट समजतात. चोराला निदान गरज असते.

वेर्नर कार्यालयात गेला. तिथल्या सेक्रेटरी होल्मबाईंनी त्याला कॉफी दिली, सहानुभूती दिली, आणि सांगितलं की जतनासाठी माणूस उल्लेखनीय असल्याचा छापील पुरावा लागतो. ऑगस्टमध्ये समिती बसेल. वेर्नरने खिशातून जपून ठेवलेलं छत्तीस सालचं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. होल्मबाईंनी चष्मा लावून वाचलं, ‘बांधाचा दरवाजा वेळेवर बंद करण्यात आला.’

"यात तुमच्या वडिलांचं नाव कुठाय?" बाई म्हणाल्या.

नाव नव्हतंच. दरवाजा बंद करण्यात आला होता, जसा काही तो स्वतःच कंटाळून बंद झाला होता.

घरी परतताना कुंपणाशी ओवरगोर मास्तर भेटले. हे शेजारी, निवृत्त शाळामास्तर, आणि दुसऱ्याच्या कामात सल्ला देण्याच्या कामी अजून पूर्णवेळ नोकरीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि छापील पाहिजे ना, मग छाप, असा तोडगा काढला. एकट्या बापावर छापलंस तर गाव थुंकेल, म्हणून ‘आपले नामवंत येप्पेसेन’ अशी पुस्तिका काढ, दहाबारा जण घे, त्यात हळूच मधे कुठेतरी बाप बसव. वेर्नरला हे पटलं. गर्दीत मिसळून केलेली गोष्ट आमच्याकडे कुणालाही पटते.

छापखान्याने सांगितलं, सोळा पानांखाली काढत नाही. बचत बँकेने सांगितलं, मागच्या पानाची जाहिरात देऊ, पण एकट्यादुकट्या माणसाला नाही, संस्थेला. झालं. आमच्याकडे दोन माणसांना एकच पाऊस लागला तरी ते संस्था काढतात. अध्यक्ष, खजिनदार, घटना आणि वार्षिक सभेची कॉफी. वेर्नरने पाचसहा येप्पेसेनना रविवारी घरी बोलावलं. आले एकतीस. एलिसने दोन डझन बन भाजले होते. तिने ते अर्धे केले, मग चतकोर केले, आणि शेवटी येणाऱ्यांना नुसतं लोणी दाखवलं.

आल्याआल्या कळलं की नामवंतांची टंचाई नाही. दंतवैद्याची विधवा रांगहिल्ड येप्पेसेन हिच्या घराण्यात एक बिशप होता. तो बिशप होता होता राहिला, पण पत्रव्यवहार बिशपसारखाच करायचा. वायरमन फ्रोडे येप्पेसेनचा आजोबा सायकलच्या राष्ट्रीय शर्यतीत पहिला येत होता, तेवढ्यात गाय आडवी आली. एका आजीने कोबीची नवी जात शोधली होती. एकाच्या मामाने कोपनहेगनच्या ऑपेरात तेवीस वर्षं गायलं, सगळ्यांबरोबर, मागच्या रांगेत. दोघांचे काका अमेरिकेत जाऊन फार श्रीमंत झाले होते, फक्त कुठे ते पत्र यायचं बंद झाल्यामुळे कळलं नव्हतं. जो तो आपलं घोडं पुढे दामटत होता. वेर्नरला हे पाहून किळस आली. आपल्या बापाला या बाजारात ओरडून विकायचं? छे.

म्हणून त्याने घटना लिहायला घेतली, आणि इथे त्याच्यातला नोंदणी कारकून अंगात आला. कलम चार: सभासद येप्पेसेनच असावा. कलम सात: नाव सभासदानेच सुचवावं, लेखी, ठरावीक अर्जावर. कलम नऊ: कुणीही आपल्या नात्यातलं नाव सुचवू नये; नातं म्हणजे रक्ताचं, लग्नाचं आणि दत्तकाचंही. या कलमावर सभेने टाळ्या वाजवल्या. वेर्नरला वाटलं, आता खरं काय ते आपोआप वर येईल. छत्तीस सालचं वादळ ज्यांनी पाहिलं असे निम्मे लोक समोर बसलेत, त्यातला एक तरी अर्ज भरेलच. त्याला अध्यक्ष केलं गेलं, एकमताने.

एलिसने ती घटना रात्रीच्या भांड्यांपूर्वी वाचली. तिने कलम नऊ दोनदा वाचलं.

"म्हणजे मी पण सुचवू शकत नाही," ती म्हणाली.

"तू सून आहेस त्यांची. लग्नाचं नातं."

"आणि ओवरगोर मास्तर?"

"ते येप्पेसेन नाहीत. कलम चार."

"मग उरलं कोण, वेर्नर? तू सगळी दारं स्वतः लावून घेतलीस. बाप तुझा एक दार बंद करून गेला, तू तर गाव बंद केलंस."

वेर्नर म्हणाला की लोकांना जाण असते. एलिस भांडी घासायला गेली, आणि त्या रात्री एक कप फुटला.

सुचवण्याचे अर्ज वाचनालयातल्या पेटीत टाकायचे होते. दर शुक्रवारी वेर्नर पेटी उघडायचा. बिशप फ्रोडेने सुचवला होता आणि सायकलवाला रांगहिल्डने. कोबीच्या नातवाने ऑपेरा सुचवला होता, ऑपेराच्या भाच्याने कोबी. कलम नऊचं शब्दशः पालन चाललं होतं. तुझा मी, माझा तू. कॉफी पितापिता लोकांनी जोड्या लावून घेतल्या होत्या. आमच्या गावात कुणी लबाड नाही, पण कलम कुठे संपतं हे सगळ्यांना बरोबर कळतं. एप्रिलपर्यंत त्रेचाळीस अर्ज जमले. बांधरक्षकाचा एकही नाही.

तेव्हा वेर्नरने सूचक वागायला सुरुवात केली. सूचक वागणं म्हणजे आपल्याला काय हवं ते सोडून बाकी सगळं बोलणं. कार्यकारिणीची बैठक त्याच्याच घरी असायची, तर त्याने वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून साखरेच्या भांड्याशेजारी ठेवला. रांगहिल्डने साखर घेताना तो बाजूला सरकवला. मग त्याने हवामानावरून विषय काढून वादळाची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी मन लावून ऐकली, फ्रोडेने त्या वर्षी आपल्या घराचं छप्पर कसं उडालं ते सांगितलं, आणि मग छपरांवर पाऊण तास चर्चा झाली. पुढच्या बैठकीत त्याने बोटांची गोष्ट सांगितली. कोबीवाल्या नातवाला यंत्रात सापडलेल्या बोटांच्या तीन गोष्टी माहीत होत्या.

मे महिन्यात एके दिवशी फ्रोडे स्वतः आला. पत्र्याच्या शेडमधला दिवा दुरुस्त करायचं निमित्त होतं. फ्रोडे मोठमोठ्याने बोलणारा पण मनाने बरा माणूस. शिडीवर उभा राहून, तारेकडे बघत तो म्हणाला, "वेर्नर, शुक्रवारी पेटी बंद होतेय. तुला कुणाचं नाव टाकायचं असेल तर सांग, मी लिहून देतो. सगळेच करतायत."

एवढंच हवं होतं. चार महिने याच वाक्यासाठी वेर्नर पेटी उघडत होता. तोंडातून ‘आंटोन’ एवढा एक शब्द निघाला असता तर काम होतं. पण ‘सगळेच करतायत’ हे त्याला झोंबलं. आपला बाप सगळ्यांसारखा सुचवला जाणार? शिडीवरून, तारा जोडताजोडता?

"नाही," वेर्नर म्हणाला. "माझं काही नाही."

"नक्की ना?"

"अध्यक्षाने आपलं बघायचं नसतं, फ्रोडे."

फ्रोडे खाली उतरला, दिवा लावून पाहिला, आणि जाताना एलिसला म्हणाला की तुझा नवरा खरंच मोठा माणूस आहे. एलिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याशी चार दिवस बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी जे बोलली त्यापेक्षा न बोललेलं बरं होतं.

सोळा पानांत मुखपृष्ठ, प्रस्तावना, सभासदांची यादी आणि बँकेची जाहिरात वजा जाता बारा पानं उरली, म्हणून बारा येप्पेसेन. अकरा जण सहज झाले. बाराव्या जागेवर मतदान झालं. वेर्नर शेवटपर्यंत वाट पाहत होता, की कुणीतरी उठेल आणि म्हणेल, अरे, आपण आंटोनला विसरलो. कुणी उठलं नाही. बारावी जागा सुरीफेक्या रुडॉल्फो येप्पेसेनला मिळाली. हा सर्कशीबरोबर एक हिवाळा स्टावरूपमध्ये मुक्कामाला होता आणि न्यूमोनियाने इथेच गेला. जिवंतपणी तो गावात सात आठवडे होता, त्यातले पाच तापात. पण त्याच्या थडग्यावर दगडात कोरलेल्या दोन सुऱ्या होत्या, आणि चित्र छान आलं असतं.

प्रस्तावना अध्यक्षाने लिहायची होती. एलिस म्हणाली, "हे एक पान तुझं आहे. यात कलम नाही. लिही त्यांच्याबद्दल."

वेर्नर तीन दिवस टाइपरायटरसमोर बसला. प्रस्तावनेत बाप घुसवणं त्याला मागच्या दाराने जेवायला जाण्यासारखं वाटलं. त्याने नावापेक्षा कामाला महत्त्व देणाऱ्या पूर्वजांबद्दल सुंदर तीन परिच्छेद लिहिले. मग शेवट सुचेना. अडतीस वर्षं त्याने नोंदवहीचं प्रत्येक पान एकाच वाक्याने संपवलं होतं, ‘नोंद पूर्ण, तपासली, बरोबर.’ हाताला दुसरं वळण नव्हतं. त्याने लिहिलं, ‘आमच्या गावातील एकही उल्लेखनीय येप्पेसेन या पुस्तिकेतून सुटलेला नाही, याची मी व्यक्तिशः खात्री करून घेतली आहे.’ खाली सही केली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

पुस्तिका जूनमध्ये निघाली. बिशपाचा फोटो उलटा छापला गेला म्हणून रांगहिल्ड रुसली. तीनशे प्रतींतल्या एकशेबारा गेल्या. ऑगस्टमध्ये समिती बसली: धर्मगुरू, होल्मबाई, आणि जिल्हा संग्रहालयातून आलेल्या एक तरुण, हुशार, घाईत असलेल्या बाई. वेर्नर कात्रण घेऊन गेला होता. यावेळी मनाशी ठरवून गेला होता की सगळं तोंडाने सांगायचं. चाक, बोटं, वारा. वादळाबद्दल त्याने दोन वाक्यं सांगितली असतील नसतील, संग्रहालयाच्या बाईंचा चेहरा उजळला.

"येप्पेसेन म्हणालात ना? मग आपलं काम सोपं आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली. "इतकं नेटकं काम गावपातळीवर बघायला मिळत नाही. यातला रुडॉल्फो तर तुमच्या पहिल्याच रांगेत आहे, तो दगड आम्ही घेतलाच." त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. "आंटोन मात्र यात दिसत नाहीत."

"नाहीत," वेर्नर म्हणाला.

बाईंनी प्रस्तावना काढून शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. एकही उल्लेखनीय येप्पेसेन सुटलेला नाही. व्यक्तिशः खात्री. मग सही पाहिली, आणि मान वर करून वेर्नरकडे पाहिलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय. ही नोंद अपुरी आहे असं तुमचं म्हणणं आहे का? तसं म्हणालात तर मी लिहून घेते."

होल्मबाई कॉफीत चमचा फिरवायच्या थांबल्या. धर्मगुरू अपेक्षेने पुढे झुकले. वेर्नरने कात्रणाची घडी उघडली. पण अडतीस वर्षांत सही केलेली एकही नोंद त्याने चुकीची म्हटली नव्हती. चुकीची म्हटली तर ते सगळे अर्ज, ते बारा, ती घटना, आपण कोण होतो तेच उलगडत जाईल असं त्याला वाटलं.

"नोंद बरोबर आहे," तो म्हणाला.

बाईंनी यादीवर एक छोटी रेघ मारली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आमच्याकडे कुणी म्हणत नाही, नुसतं करून दाखवतात.

दगड उचलून न्यायला चौदा दिवस होते. नाहीतर तो फोडून नव्या बांधाच्या भरावात जाणार होता. वेर्नर आणि एलिस मोटारीला ट्रेलर लावून गेले. कबरखणक ओल्फर्टने पहारीने दगड सुटा करून ठेवला होता. शेजारी रुडॉल्फोचा दगड जाड फडक्यांत गुंडाळून, पट्ट्यांनी बांधून, भिंतीकडे निघायच्या तयारीत होता.

ओल्फर्टने घाम पुसला. "माझी आई खालच्या आळीतली," तो म्हणाला. "वादळाच्या दुसऱ्या दिवशी मी झालो. कोरड्या जमिनीवर झालो, असं ती सांगायची. तुझ्या बापाचं नाव घेतल्याशिवाय माझा वाढदिवस व्हायचा नाही. त्या पुस्तकात ते नाहीत हे ऐकून मी फ्रोडेला विचारलं, तर तो म्हणतो, आम्हाला वाटलं वेर्नरला नकोय. विचारलं तर नाही म्हणाला."

"हो," वेर्नर म्हणाला.

"खरंच नको होतं?"

वेर्नरने दगडाची एक बाजू धरली. ओल्फर्टने दुसरी धरली. एलिस गाडीत जाऊन बसली होती आणि समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होती. ती रडत होती, आणि रागावली होती, आणि यातलं काय आधी पुसावं हे तिला कळत नव्हतं.

दगड घराच्या मागे पत्र्याच्या शेडला टेकवून ठेवला. त्याचा पायरी म्हणून छान उपयोग होईल असं ओवरगोर मास्तरांनी कुंपणावरून सुचवलं, आणि सत्तावीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच वेर्नरने त्यांना घरात जायला सांगितलं. मास्तर गेले; पुढच्या आठवड्यात दुसरा सल्ला घेऊन आले.

सप्टेंबरात फ्रोडे व्हॅन भरून उरलेल्या एकशेअठ्ठ्याऐंशी प्रती घेऊन आला. कार्यकारिणीचा ठराव होता: साठा अध्यक्षांकडे राहील आणि तो कोरडा ठेवण्याची जबाबदारी त्यांची. शेडची जमीन खोलगट. वेर्नरचं घर खालच्या आळीत, आणि तिथे पावसाळी वाऱ्याला पाणी वरून येत नाही, खालून येतं. वेर्नरने फळ्या शोधल्या, कुजलेल्या निघाल्या. विटा मोजल्या, पुरल्या नाहीत. मग तो शेडला टेकवलेल्या दगडापाशी गेला. त्याने दगड ढकलत आत आणला आणि जमिनीवर आडवा केला.

एलिस मागे येऊन उभी होती. "नाव वर आहे की खाली?"

"वर."

त्या नावावर त्याने प्रती रचल्या, बारा-बाराचे गठ्ठे करून, कडा जुळवून. बिशप, सायकल, कोबी, ऑपेरा, आणि सगळ्यात वर रुडॉल्फोच्या दोन सुऱ्या.

ऑक्टोबरात मोठं वादळ झालं. शेडमध्ये वीतभर पाणी शिरलं, खुरपी आणि बटाट्याची पोती तरंगली. पाणी दगडाच्या कडेपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. एकही प्रत भिजली नाही.

मार्चमधल्या वार्षिक सभेत फ्रोडेने याचा आवर्जून उल्लेख केला, अध्यक्षांना रेड वाइनची बाटली देण्यात आली, टाळ्या झाल्या. संस्थेचा सेक्रेटरी आजारी असल्यामुळे इतिवृत्त वेर्नरलाच लिहावं लागलं. घरी आल्यावर त्याने टेबलावरचा वडिलांचा फोटो पुन्हा भिंतीवर लावला, वही उघडली, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वादळात सर्व प्रती कोरड्या ठेवण्यात आल्या.’

कुणी ठेवल्या ते लिहायला रकाना नव्हता. त्याने खाली सही केली.